हिवाळ्यातला रंग : म्हैसूरच्या बागांमधील शोभेच्या झुडपांचा इतिहास

१. पाठाची ओळख

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात कार्यशाळेच्या इमारतीलगत पॉइनसेटियाची एक लांब रांग आहे. डिसेंबर आला की ती लालभडक होते. मात्र रांगेच्या एका टोकाला, दिव्याच्या खांबाखाली, तीन झुडपे दरवर्षी हिरवीच राहतात. एकदा यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, या तिघांना खत कमी पडतं का?" मला उत्तर येत नव्हते. आमचे जुने माळी जवळच आळी करत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते कन्नडमध्ये म्हणाले, "खत सगळ्यांना सारखंच आहे. यांना रात्र मिळत नाही."

अण्णांचे हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे; कसे, ते आपण पुढे पाहू. पण त्यातून मला दुसरे काही प्रश्न पडले. हे झुड़ूप मेक्सिकोचे. ते म्हैसूरच्या एका महाविद्यालयात कसे आले? थंडीच्या दिवसांत बागेत रंग असावा, ही कल्पना आपल्याकडे केव्हा रुजली? त्यासाठी कोणी, कुठून, काय आणले? आणि आणलेल्या सगळ्याच झाडांनी आपली मर्यादा पाळली का?

या पाठात आपण म्हैसूर संस्थानाच्या बागांच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. बागेचा इतिहास हा राजांच्या हौसेचा इतिहास समजला जातो. प्रत्यक्षात त्यात जहाजवाहतूक, राज्यकारभार, वनस्पतिशास्त्र आणि मजुरांचे कसब असे बरेच काही गुंतलेले असते.

२. शरद म्हणजे पानगळ नव्हे

सुरुवातीला एक शब्दांचा गोंधळ दूर करू. युरोपात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात. त्या ऋतूचे भाषांतर आपल्या पाठ्यपुस्तकांत सर्रास 'शरद' असे होते. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस ओसरल्यावरचे निरभ्र आकाश आणि कोजागिरीचे चांदणे. त्या दिवसांत आपल्याकडची झाडे वर्षातली सर्वांत हिरवी असतात. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. आणि तीही थंडीपेक्षा कोरडेपणामुळे.

म्हणजे युरोपातल्या बागेचा शरदातला रंग गळणाऱ्या पानांचा असतो, तर दख्खनच्या पठारावर त्याच महिन्यांत दिसणारा रंग फुलांचा, फळांचा आणि फुलांभोवतीच्या रंगीत पानांचा असतो. फुलाच्या तळाशी येणाऱ्या अशा पानांना वनस्पतिशास्त्रात 'सहपत्रे' म्हणतात. पॉइनसेटियाचा लाल भाग आणि बोगनवेलीचा कागदासारखा जांभळा भाग ही फुले नसून सहपत्रे आहेत. खरी फुले मधोमध, बारीक आणि साधी असतात. पाकळी चार दिवसांत कोमेजते, सहपत्र कित्येक आठवडे टिकते. आपल्या बागांचा हिवाळा मुख्यतः या टिकाऊ सहपत्रांवर उभा आहे.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर; त्यातला मोठा वाटा मे आणि ऑक्टोबरच्या आसपास पडतो. ऑक्टोबरचा पाऊस जमिनीत ओल ठेवून जातो आणि नोव्हेंबरअखेरपासून कोरडे, स्वच्छ उन्हाचे दिवस सुरू होतात. धुके आणि गारवा असतो, पण दहिवर गोठत नाही. उष्ण प्रदेशातल्या झुडपांना याहून चांगला हिवाळा मिळणे कठीण.

३. एका वाफ्यात एकच झाड : हैदर आणि टिपूच्या बागा

बंगळूरच्या लालबागेची सुरुवात हैदर अलीने १७६० मध्ये केली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. श्रीरंगपट्टणची दर्या दौलत बाग १७८४ ची. टिपूने काबूल, इराण, तुर्कस्तान, मॉरिशस अशा ठिकाणांहून बी आणि रोपे मागवल्याचे सांगितले जाते.

टिपूच्या पाडावानंतर लगेच, १८०० मध्ये, फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने ईस्ट इंडिया कंपनीसाठी या प्रदेशाची पाहणी केली. त्याचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगळूरच्या बागांबद्दल त्याने नोंदवले आहे की बाग चौकोनी वाफ्यांत विभागलेली होती, वाटांच्या कडेला सुरूसारखी उंच सायप्रसची झाडे होती, वाफ्यांत फळझाडे आणि भाजीपाला होता आणि एका वाफ्यात एकाच जातीची लागवड होती. गुलाबाचा वाफा वेगळा, डाळिंबाचा वेगळा.

ही नोंद आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. अशा बागेत सावली, फळ, सुवास आणि पाणी यांना मान होता. निरनिराळ्या उंचीची, निरनिराळ्या रंगांची झुडपे एकत्र लावून वर्षभर देखावा उभा करण्याची पद्धत तिथे नव्हती. मिश्र झुडपांचा ताटवा ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली.

१७९९ नंतर लालबाग कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन याच्याकडे गेली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पति-उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १८५८ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात शिकलेला विल्यम न्यू तिथे प्रमुख म्हणून आला. त्या काळात म्हैसूरचा कारभार इंग्रज आयुक्त पाहत होते. १८८१ मध्ये राज्य पुन्हा वडियार घराण्याकडे सोपवले गेले. क्यूची पद्धत आणि वडियारांचा आश्रय असे दोन प्रवाह इथे एकत्र आले. न्यूच्या नंतरच्या पिढीतला जॉन कॅमेरॉन १८७४ ते १९०८ अशी तब्बल ३४ वर्षे लालबागेचा प्रमुख होता. त्याने बागेतील वनस्पतींची सूची १८८० मध्ये आणि तिची सुधारित आवृत्ती १८९१ मध्ये प्रसिद्ध केली.

याच सुमारास मराठी मुलखातही असे प्रयोग चालू होते. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारचे वनस्पति-उद्यान होते. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन त्याचा प्रमुख होता आणि त्याने तिथल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती चित्रे आज अभ्यासकांना 'दापुरी चित्रे' म्हणून माहीत आहेत; चित्रकाराचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. पुढे गणेशखिंडीतली बाग सुरू झाली. तिच्याशी संबंधित जी. मार्शल वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. हेच कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. बांधकाम आणि बागकाम ही दोन दूरची क्षेत्रे आहेत असे आज वाटते. त्या पिढीला तसे वाटत नव्हते.

४. झुडपे आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात परदेशी झुडपांची आवक एकदम वाढली, याला एक साधे तांत्रिक कारण होते. जहाजावर रोपे जगत नसत. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि महिनोन्महिन्यांचा प्रवास यात बहुतेक मरून जात. १८२९ च्या सुमारास लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या लक्षात आले की बंद काचपेटीत ओल आतल्या आत फिरत राहते आणि रोप पाणी न घालताही टिकते. या 'वॉर्डच्या पेट्या' जहाजांच्या डेकवर ठेवून रोपांची ने-आण सुरू झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर प्रवासाचे दिवसही घटले.

आता म्हैसूरच्या हिवाळ्यात दिसणारी मुख्य झुडपे एकेक पाहू.

*पॉइनसेटिया.* मूळ मेक्सिकोचे. युरोपीय लोक येण्याआधीपासून तिथले नाहुआ भाषक ते जाणत होते. अमेरिकेचे मेक्सिकोतील राजदूत जोएल पॉइनसेट यांनी १८२८ मध्ये ते आपल्या देशात पाठवले आणि त्यांचेच नाव झुडपाला चिकटले. शास्त्रीय नाव युफोर्बिया पल्चेरिमा; म्हणजे आपल्या शेर-निवडुंगाच्या कुळातले. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो याच नात्याची खूण.

*बोगनवेल.* मूळ दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या तांड्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सोन याने १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो इथे ही वेल टिपली. त्याची सहकारी झान बारे पुरुषवेषात जहाजावर चढली होती, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मनाई होती. कॉमर्सोनची प्रकृती बरी नसे. वनस्पती गोळा करण्याचे बरेचसे कष्ट तिचे. झुडपाला मात्र नाव मिळाले ते कप्तानाचे. भारतात ही वेल १८६० च्या सुमारास कोलकात्यात आली. छाटून ठेवली तर ती झुडपासारखी वाढते, म्हणून कुंपणांवर आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर ती सर्रास दिसते.

*क्रोटन आणि अकॅलिफा.* ही दोन्ही पॅसिफिक महासागरातील आणि मलेशिया-इंडोनेशियाकडील बेटांची. यांचा रंग फुलांचा नसून पानांचा. स्वच्छ उन्हात क्रोटनचे पिवळे-तांबडे पट्टे अधिक उठावदार होतात, सावलीत पान हिरवे पडते. त्यामुळे पावसाळ्यात मंद वाटणारी क्रोटनची रांग थंडीच्या उन्हात खुलते.

*दुरंता.* अमेरिकेच्या उष्ण भागातली. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य कास्तोरे दुरांते यांच्या नावावरून हे नाव पडले. निळसर फुलांनंतर सोनेरी मण्यांसारखी फळे लोंबतात. ती दिसायला सुंदर पण खाण्यास विषारी आहेत. लहान मुलांना हे सांगून ठेवावे.

*मुसांडा.* बागांत दिसणारा गुबगुबीत पांढरा किंवा गुलाबी मुसांडा फिलिपिन्समधील वाणांपासून आला. इथे रंगीत भाग सहपत्राचा नसून फुलाच्या निदलाचा असतो. याचाच रानटी भाऊ सह्याद्रीत आहे. त्याचे एकच निदल मोठे, पांढरे, पानासारखे होते. मराठीत त्याला भूतकेस म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

५. बडोद्याहून म्हैसूरला : क्रुम्बिगेल यांची कामगिरी

झुडपे येणे वेगळे आणि त्यांची वर्षभराची आखणी करणे वेगळे. म्हैसूर संस्थानात ही आखणी ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते गुस्टाफ हेर्मान क्रुम्बिगेल. जन्म १८६५ चा, जर्मनीतील ड्रेस्डेनजवळचा. पिल्निट्झ इथे उद्यानविद्येचे शिक्षण घेऊन ते १८८८ मध्ये इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमधील फुलांच्या वाफ्यांवर आणि नंतर क्यू उद्यानात त्यांनी काम केले.

१८९३ मध्ये ते भारतात आले, ते बडोद्याला. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या मराठी दरबारात संस्थानच्या बागांची जबाबदारी त्यांच्यावर होती. उन्हाळ्यात कोरडाठाक पडणारा गुजरातचा मुलूख, मोजके पाणी आणि तरीही राजवाड्याला शोभेल अशी बाग, हा प्रश्न त्यांनी सुमारे पंधरा वर्षे हाताळला. म्हैसूरला त्यांचे कर्तृत्व बहरले हे खरे. पण उष्ण प्रदेशातील बागकामाचे त्यांचे शिक्षण बडोद्यात झाले, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका संस्थानाने पारखलेला माणूस दुसऱ्या संस्थानाने मागून घ्यावा, अशी देवाणघेवाण त्या काळी इतर क्षेत्रांतही चाले.

१९०८ मध्ये कृष्णराज वडियार चौथे यांच्या आमंत्रणावरून ते म्हैसूर संस्थानात रुजू झाले. कॅमेरॉन यांच्यानंतर लालबागेची सूत्रे त्यांनी घेतली आणि १९३२ पर्यंत सांभाळली. १९१२ मध्ये म्हैसूर उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. रोपे आणि बी सामान्य बागमालकापर्यंत पोहोचवणे, प्रदर्शने भरवणे, माळ्यांना शिकवणे अशा कामांना तिच्यामुळे एक चौकट मिळाली. राजवाड्यातले झुड़ूप वकिलाच्या आणि शाळामास्तराच्या अंगणात गेले ते अशा संस्थांमुळे.

क्रुम्बिगेल यांची सर्वांत टिकलेली कल्पना म्हणजे क्रमाने येणारा बहर. एका जातीचा बहर ओसरत असताना दुसरीचा सुरू झाला पाहिजे, अशा हिशेबाने त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे निवडली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही कल्पना वेळापत्रकासारखी वाटेल, आणि ती तशीच आहे. उभ्या स्तंभात जाती, आडव्या ओळीत बारा महिने, आणि एकही महिना रिकामा राहता कामा नये. आखणीची ही रीत झुडपांनाही लागू होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मोठ्या वृक्षांच्या दृष्टीने तुलनेने रिकामे असतात. गुलमोहर, बहावा यांचा बहर उन्हाळ्यातला. ती पोकळी भरण्याचे काम झुडपांकडे येते.

कृष्णराजसागर धरण हे या इतिहासातले पुढचे ठिकाण. कावेरीवरच्या या धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. ते पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी प्रथम १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले होते आणि त्याच धर्तीचे दरवाजे इथेही वापरले गेले. धरणाच्या पायथ्याशी १९२७ ते १९३२ या काळात वृंदावन उद्यान उभे राहिले. त्यामागची प्रेरणा दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची. काश्मीरची शालिमार बाग त्यांच्या डोळ्यांपुढे होती. या कामात क्रुम्बिगेल यांच्या अनुभवाचाही उपयोग झाला. सुमारे ६० एकरांची ही बाग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. कारंजी आणि पाट मोगल पद्धतीचे, तर कापून आकार दिलेली झुडपे आणि बोगनवेलीचे ताटवे युरोपीय शिस्तीचे. टिपूच्या काळातला पाण्याचा मान आणि एकोणिसाव्या शतकातला रंगांचा सोस इथे एकाच उतारावर भेटतात.

क्रुम्बिगेल १९५६ मध्ये बंगळूरलाच वारले. त्यांची परंपरा पुढे एच. सी. जवरय्या आणि एम. एच. मरिगौडा यांनी चालवली. कुप्पण्णा उद्यानातले म्हैसूर दसऱ्याचे पुष्पप्रदर्शन आणि डिसेंबरअखेरीस राजवाड्याच्या आवारात भरणारे पुष्पप्रदर्शन यांतही याच परंपरेचा धागा दिसतो. कन्नडमध्ये हिवाळ्याला 'मागी' म्हणतात. तिथला हिवाळी उत्सवही याच नावाने ओळखला जातो.

६. डिसेंबरातच लाल का? अण्णांच्या वाक्याचे शास्त्र

आता दिव्याखालच्या तीन झुडपांकडे वळू. वनस्पती ऋतू कसा ओळखते, हा प्रश्न फार जुना आहे. तापमान हे उत्तर पुरेसे नव्हते. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले की काही वनस्पतींना फुलण्यासाठी दिवस ठराविक लांबीपेक्षा लहान व्हावा लागतो. यांना लघुदिन वनस्पती म्हणतात. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की खरे महत्त्व दिवसाला नसून सलग अंधाराला आहे. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड दाखवला तरी हिशेब मोडतो आणि फुले येत नाहीत.

पॉइनसेटिया या गटातले आहे. त्याला सुमारे बारा तासांची अखंड रात्र लागते. म्हैसूरचे अक्षांश सुमारे १२.३ अंश उत्तर. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास २४ मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १२ तास ५० मिनिटांचा. पुण्याला हेच आकडे सुमारे ११ तास आणि १३ तास १४ मिनिटे, तर लंडनला पावणेआठ तासांहून किंचित जास्त आणि साडेसोळा तासांहून किंचित जास्त असे आहेत. म्हणजे म्हैसूरला वर्षभरात दिवसाच्या लांबीत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो. माणसाला तो जाणवतही नाही. झुडपाला मात्र तो पुरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर इथला दिवस बारा तासांच्या खाली येतो. तिथून आठ ते दहा आठवडे मोजले की डिसेंबरचा पहिला पंधरवडा येतो. नाताळच्या सुमारास पॉइनसेटिया लाल दिसते याचे गणित हे एवढेच.

खांबावरच्या दिव्यामुळे त्या तीन झुडपांना सलग अंधार मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने ऑक्टोबर आलेलाच नसतो.

बोगनवेलीलाही लहान दिवस मानवतात, पण तिच्या बाबतीत पाण्याचा ताण अधिक महत्त्वाचा. भरपूर पाणी दिले की ती पाने वाढवते. पाणी तोडले की रंगते. म्हणूनच नोव्हेंबरनंतरच्या कोरड्या महिन्यांत ती बहरते. अनुभवी माळी ऑक्टोबरचा पाऊस संपताच तिचे पाणी कमी करतात. हे ज्ञान पुस्तकांत फार उशिरा आले. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते, त्या माळ्यांची नावे मात्र कोणत्याही सूचीत सापडत नाहीत. लालबागेच्या प्रमुखांची यादी आपण सहज पाठ करू शकतो. ज्यांनी खड्डे खणले, कलमे बांधली, रोपे जगवली त्यांची यादी कोणी केलीच नाही. बागेच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

७. कुंपण ओलांडलेले झुड़ूप

आतापर्यंतची कथा यशाची वाटते. तिची दुसरी बाजू पाहण्यासाठी म्हैसूरहून दक्षिणेला बंडीपूरच्या जंगलापर्यंत, सुमारे ८० किलोमीटर जावे लागेल.

तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट, खरखरीत पानांचे, पिवळ्या-केशरी-गुलाबी गुच्छांचे झुड़ूप दिसते. मराठीत त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना. मूळ उष्ण अमेरिकेतले हे झुड़ूप एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या वनस्पति-उद्यानात शोभेसाठी आणले गेले. त्याचे गुण कोणत्याही बागमालकाला मोहात पाडतील असे होते. फुले जवळजवळ बारमाही, पाणी कमी लागते, गुरे तोंड लावत नाहीत, कुंपण दाट होते. याच गुणांनी पुढे घात केला. पक्षी त्याची काळी फळे खाऊन बी दूरवर टाकतात. तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. त्याच्या दाट जाळीखाली गवत आणि रानरोपे वाढत नाहीत, त्यामुळे हरणे, सांबर, गवे यांचा चारा घटतो. वाळलेले झुड़ूप वणव्यात जमिनीवरची आग वर चढवते.

धोक्याची जाणीव उशिरा झाली असेही नाही. कोडगूच्या जंगलांतील घाणेरीची चर्चा वनखात्याच्या नियतकालिकात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाली होती आणि १९२० मध्ये वाय. रामचंद्र राव यांनी घाणेरीवरील कीटकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वर्षांत बंगळूर-म्हैसूरच्या बागा बहरत होत्या, त्याच वर्षांत शेजारच्या जंगलात एका बागेतल्या झुडपाशी लढाई चालू होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्रक्षेत्रातल्या ४० टक्क्यांहून अधिक जंगलात घाणेरी पसरलेली आहे. बिळिगिरी रंगन आणि मलै महादेश्वर डोंगरांत राहणाऱ्या सोलिग लोकांच्या अन्नाच्या आणि औषधी वनस्पतींच्या जागाही तिने व्यापल्या. मलै महादेश्वर डोंगरांत घाणेरीच्या काठ्यांपासून बांबू-वेतासारखे फर्निचर बनवण्याचे काम सुरू झाले. त्याने काही घरांना रोजगार मिळाला, पण जंगलातला फैलाव त्याने थांबण्यासारखा नाही.

इथे एक प्रश्न सावधपणे विचारला पाहिजे. परदेशी झाडे वाईट, असा निष्कर्ष काढायचा का? पॉइनसेटिया दोनशे वर्षे जगभर फिरली, पण आपल्याकडे ती माणसाने फाटा लावल्याशिवाय फारशी वाढत नाही. बागेतली बोगनवेल सहसा बी धरत नाही. घाणेरी मात्र पक्ष्यांच्या पोटातून प्रवास करते. म्हणजे फरक मूळ देशाचा नसून प्रसाराच्या रीतीचा आहे. झुड़ूप निवडताना 'ते कुठले आहे' याच्याइतकाच 'त्याचे बी कोण नेते' हा प्रश्न महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकातल्या सूचीकारांनी पहिला प्रश्न काटेकोरपणे नोंदवला. दुसरा क्वचितच विचारला.

८. आपल्याच रानातला हिवाळा

याच संदर्भात भूतकेसाचा मुद्दा येतो. बागांसाठी फिलिपिन्सचा मुसांडा विकत आणला जातो, पण सह्याद्रीतला त्याचा भाऊ रोपवाटिकेत शोधून सापडत नाही. अशी आणखी झुडपे आहेत. कोरांटी पावसाळा संपताना फुलू लागते आणि थंडीभर पिवळी किंवा जांभळी दिसते. धायटी हिवाळ्याच्या उत्तरार्धात फांदीभर लाल-केशरी नळ्यांनी भरून जाते; तिची फुले आयुर्वेदात आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात. तरवड उजाड माळावरही पिवळा फुलतो. रुक्मिणी, म्हणजे बागवानांची इक्झोरा, मुळात दक्षिण भारत आणि श्रीलंकेची आहे. अबोलीही तशीच, कन्नडमध्ये तिला कनकांबर म्हणतात. म्हैसूरची मल्लिगे प्रसिद्ध आहे, पण तिचा भर उन्हाळ्यातला. थंडीत देवराज मार्केटच्या फुलबाजारात वेण्यांना रंग देते ती शेवंती आणि कनकांबर.

ही झुडपे राजवाड्याच्या बागांत मागे का पडली? एक कारण असे, की रानात सहज दिसणाऱ्या गोष्टीला प्रतिष्ठा मिळत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे. संस्थात्मक रोपवाटिकांनी ज्या जातींची कलमे करण्याचे तंत्र बसवले, त्याच जाती स्वस्तात आणि हजारोंनी मिळू लागल्या. निवड आवडीवर ठरते असे आपल्याला वाटते. बरेचदा ती उपलब्धतेवर ठरते.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या फाटकाजवळ साठ मीटर कुंपण लावायचे ठरले. समितीपुढे आलेल्या यादीत सहा जाती होत्या आणि सहाही परदेशी. विद्यार्थ्यांनी बारा महिन्यांचा तक्ता मांडला, प्रत्येक झुडपासमोर बहराचा काळ, पाण्याची गरज आणि बीप्रसाराची रीत लिहिली. शेवटी अर्धे कुंपण कोरांटी आणि रुक्मिणीचे, उरलेले बोगनवेलीचे असे ठरले. कोरांटीची रोपे बाजारात मिळाली नाहीत. अण्णांनी आपल्या गावाकडून फाटे आणले. पॉइनसेटियाची जुनी रांग आहे तिथेच आहे. खांबावरच्या दिव्याला एका बाजूने पत्र्याची आडोशी बसवण्याचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले आहे. ती तीन झुडपे लाल होतात का, ते या डिसेंबरात कळेल.

स्वाध्याय

१. आपल्या गावच्या शरद, हेमंत आणि शिशिर ऋतूंत दिसणाऱ्या रंगीत झुडपांची यादी करा. रंग फुलाचा, पानाचा, सहपत्राचा की फळाचा, ते प्रत्येकासमोर लिहा.

२. रोपांच्या जागतिक देवाणघेवाणीत वॉर्डची पेटी आणि सुएझ कालवा यांचे महत्त्व थोडक्यात स्पष्ट करा.

३. वृंदावन उद्यान संध्याकाळच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. अशा बागेत लघुदिन वनस्पती लावायच्या झाल्यास आखणीत कोणते बदल कराल?

४. घाणेरी आणि बोगनवेल या दोन्ही वनस्पती परदेशी आहेत. एक जंगलात पसरली, दुसरी पसरली नाही. कारणांची तुलना करा.

५. आपल्या महाविद्यालयातील किंवा परिसरातील एखाद्या ज्येष्ठ माळ्याची मुलाखत घ्या. त्यांना अनुभवातून माहीत असलेल्या तीन गोष्टी त्यांच्याच शब्दांत नोंदवा, आणि त्यांची परवानगी असल्यास त्यांचे नावही लिहा.